एकशे बारा खांबांचे आभार

निमंत्रणपत्रिकेवर छापलं होतं: वैज्ञानिक संगणन संशोधन प्रशालेचा भव्य उद्घाटन सोहळा. बुधवार, १२ फेब्रुवारी, सकाळी ठीक अकरा वाजता. 'ठीक' हा शब्द दोन रंगांत होता. खाली सात कलमं. सातव्या कलमापुढे, सगळ्यात बारीक टायपात: आभार, कु. धनश्री नाथा कोकरे, संशोधक विद्यार्थिनी.

आभार नेहमी अशाच माणसाकडे देतात, ज्याचं कुणी ऐकणार नसतं. तोवर लोक उठलेले असतात, चपला शोधत असतात. धनश्रीची त्याला हरकत नव्हती. तीन वाक्यं बोलायची आणि यंत्राच्या खोलीत परत यायचं, असा तिचा बेत होता.

कलम शून्य (पत्रिकेवर न छापलेलं)

ज्या यंत्राचं उद्घाटन व्हायचं होतं, ते तेवीस दिवसांपासून चालूच होतं.

वीस जानेवारीला दुपारी धनश्रीनं त्याच्यावर आपलं गणित चढवलं होतं. आष्टीकडच्या डोंगरपट्ट्यातली एकतीस हजार मेंढरं, बारा वर्षांचा पाऊस, गवत आणि पाणवठे. कुठला कळप कुठल्या आठवड्यात कुठल्या माळावर गेला तर गवतही टिकेल आणि मेंढरंही, एवढाच प्रश्न. यंत्र एकेक मेंढरू एकेक दिवस चालवत होतं. बुधवारी दुपारी चार बेचाळीसला काम संपेल असं ते स्वतःच पडद्यावर सांगत होतं.

शनिवार ही प्रबंध जमा करायची शेवटची तारीख होती. तिसरी मुदतवाढ संपत आली होती आणि चौथी नियमात नव्हती. गुरुवारपासून दुसऱ्या टप्प्याच्या जोडणीसाठी यंत्र दोन महिने उघडून ठेवणार होते. म्हणजे जे व्हायचं ते बुधवारी चार बेचाळीसच्या आत.

आणि मधेच वीज गेली, तर पुन्हा पहिल्यापासून. झालेलं काम जागोजागी साठवत जायला मोठी डिस्क लागते. ती दुसऱ्या टप्प्यात होती. दमदार बॅटऱ्याही दुसऱ्या टप्प्यात होत्या, सध्याच्या नऊ मिनिटं टिकायच्या. एसीचं पाणी बाहेर न्यायची नळीसुद्धा दुसऱ्या टप्प्यात. नळी येईपर्यंत एसीखाली बादली होती आणि बादलीवर बंकट होता. बंकट हा प्रशालेचा एकमेव शिपाई. दर चार तासांनी बादली उचलून तो दारातल्या कडुनिंबाला घालायचा. तेवीस दिवसांत कडुनिंबाला नवी पालवी आली होती. प्रशालेच्या खात्यावर आजवर तेवढंच फळ जमा होतं.

धनश्रीच्या वडिलांना, नाथाआबांना, ही अडचण एका वाक्यात कळली होती.

"म्हंजी मेंढरं मोजताना कुनी हाक मारली, की पुन्हा एकपासनं," ते म्हणाले. "मंग हाक मारू देऊ नको की."

कलम चार: यंत्राचे उद्घाटन (आदल्या दिवशी)

"धनश्री, यंत्र संध्याकाळी बंद करून ठेवा," भगवानराव सर म्हणाले. ते प्रशालेचे संचालक आणि तिचे मार्गदर्शकही. प्रबंधावर सही त्यांचीच लागणार होती.

"सर, ते बंद करता येणार नाही. गणित चालू आहे."

"तेच म्हणतोय मी. चालू असलेली वस्तू पाहुणे चालू कशी करणार? त्यांनी बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, तर चॅनेलवाले काय दाखवतील?"

"सर, तेवीस दिवस..."

"कसले तेवीस दिवस? उद्घाटन व्हायचंय अजून. कागदावर बघा, ते यंत्र चालू नाहीच."

धनश्रीनं काचेतून आत पाहिलं. कागदावर चालू नसलेलं यंत्र घरघरत होतं. बंकट बादली घेऊन बाहेर येत होता. त्यानं बादली खाली ठेवली.

"सर, बटन मी जोडतो की. माळेला. गनपतीची माळ हाय माझ्याकडं, चार रंगांची. साहेबांनी बटन दाबलं की यंत्र झगमगलं पायजे. ते आत गनित करतंय का झोपलंय, हे कोन वाकून बघतंय?"

भगवानराव बराच वेळ विचारात पडले. धनश्रीला वाटलं, फसवणुकीचा प्रश्न त्यांना छळत असावा.

"विद्यापीठाचे रंग भगवा आणि निळा आहेत," ते शेवटी म्हणाले. "बाकीच्या दोन रंगांचे दिवे काढून टाक."

बुधवार, सकाळी साडेदहा. ९८.८८ टक्के.

दर बुधवारी गेवराईच्या बाजूची लाईन दुरुस्तीसाठी बंद असते. मागच्या तीन बुधवारी प्रशालेच्या जनरेटरनं यंत्र सांभाळलं होतं. आज चार माणसं तोच जनरेटर ढकलत मंडपाकडे नेत होती.

"थेट प्रक्षेपण आहे," भगवानराव म्हणाले. "आवाज गेला तर कोण जबाबदार?"

"मग यंत्राचं काय, सर?"

"आज लाईन जाणार नाही. पाहुणे आहेत. वीज कंपनीचा माणूसच बसवलाय मंडपात."

तो माणूस शेवटच्या रांगेत बसला होता. पिवळं हेल्मेट मांडीवर, हातमोजे हेल्मेटात, हातात फोन. नाव तानाजी. धनश्री त्याच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली.

"दादा, लाईन कधी बंद होणार आज?"

"साहेबाची गाडी गेटाबाहेर पडली की मी फोन लावनार. तिकडून लगीच बंद. चकलांब्याच्या अंगाला आमची चार पोरं खांबाखाली बसलीत सकाळपासनं. पत्ते खेळत असतील."

"पाच वाजेपर्यंत थांबाल? माझं एक काम..."

"मॅडम, साहेब हायेत तवर थांबा, असा हुकूम हाय. तुमच्यासाठी थांबायचा हुकूम कुटं हाय?" तो वाईट नव्हता. त्यानं पुढे समजावलंही. "आन् जनरेटर पुन्हा जोडायला दोन तास जातील. केबल तोडून नेलीया त्यांनी."

धनश्रीनं हिशेब मांडला. आजवर कुठल्याही कार्यक्रमात बसल्यावर तिच्या मनात एकच इच्छा असायची, की हे लवकर संपावं. आज पाहुणे चार बेचाळीसपर्यंत मंडपात बसायला हवे होते. विज्ञानाचं भवितव्य भाषणांच्या लांबीवर येऊन ठेपलं होतं. त्या बाबतीत विद्यापीठ तिला निराश करणार नाही, अशी तिची खात्री होती.

कलम एक ते चार

प्रमुख पाहुणे, म्हणजे राज्यमंत्री, पावणेदोनला आले. अकराचे पावणेदोन झाले म्हणून पहिल्यांदाच कुणी मनापासून खूश झालं असेल.

दीपप्रज्वलन. वाऱ्यानं वात विझली, पुन्हा लावली, पुन्हा विझली. धनश्रीला वारा आवडला.

सत्कार. अठरा शाली, अठरा नारळ. एक नारळ कमी पडला म्हणून पहिल्याचाच फिरवून आणला.

प्रास्ताविक. भगवानरावांनी वैज्ञानिक संगणनाची परंपरा खूप मागे नेली. इतकी मागे की तिथून परत यायला पंचवीस मिनिटं लागली.

दोन वाजून त्रेपन्न मिनिटांनी पाहुण्यांनी बटण दाबलं. यंत्र भगवं झालं, निळं झालं. टाळ्या.

"किती वेगवान आहे हे?" पाहुण्यांनी विचारलं.

"साहेब, भारी हाय," बंकट म्हणाला. "दाबायच्या आधीच चालू होतं."

सगळे हसले. भगवानराव सगळ्यात जास्त हसले.

कलम पाच: लाभार्थी मनोगत

लाभार्थी म्हणून नाथाआबांना बोलावलं होतं. डोक्यावर विद्यापीठाचा फेटा, खांद्यावर स्वतःचं घोंगडं. घोंगडं खाली ठेवा म्हणून दोघांनी सांगून पाहिलं होतं.

धनश्रीचा सगळा भरवसा या कलमावर होता. हरवलेल्या एका शेळीची गोष्ट हा माणूस तीन दिवस पुरवतो. ती कुठल्या बांधाला दिसली, कुणी पाहिली, पाहणाऱ्याच्या मेव्हण्याचं काय झालं, सगळं. पाऊण तास कुठेच गेला नाही. तिनं सकाळीच बजावलं होतं, "आबा, घाई करू नका. सगळं सांगा."

नाथाआबांनी माईककडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे पाहिलं.

"पोरगी कायतरी मोजती. मोजत्याला हाक मारू नये. रामराम."

आणि खाली बसले. सव्वीस सेकंद. उद्घाटनाच्या दिवशी एवढं नेमकं दुसरं कुणी बोललं नाही, आणि मुलीचं एवढं नुकसानही दुसऱ्या कुणी केलं नाही.

"आबा, हे काय?" ती त्यांच्या कानाशी वाकली.

"तूच म्हनली सगळं सांग. सांगितलं की."

कलम सहा: प्रमुख पाहुण्यांचे मार्गदर्शन

पाहुण्यांना साडेचारच्या आत आष्टीला लग्नात पोहोचायचं होतं. त्यांनी आबांच्या शब्दांतच सगळं आलं असं म्हटलं, दुसऱ्या टप्प्यासाठी पाठपुरावा करू असं सांगितलं आणि सोळा मिनिटांत आटोपलं.

तीन वाजून सतरा मिनिटं. ९९.७४ टक्के.

भगवानरावांनी तिला हातानं खूण केली: लवकर.

कलम सात

३:१७. ती माईकपाशी आली. समोर निम्मे लोक उठायच्या बेतात होते. शेवटच्या रांगेत तानाजीनं हेल्मेटातले हातमोजे काढून खिशात घातले होते.

आभाराचा एक नियम इकडे सगळ्यांना पाठ आहे, तो कुणी शिकवत नाही. आपलं नाव यायच्या आधी उठायचं नाही. उठलो आणि नेमकं तेव्हाच नाव घेतलं, तर खुर्ची रिकामी दिसते आणि वर्षभर लोक विचारतात. म्हणून आभार मानणारा पुढच्या रांगेपासून सुरू करतो आणि माणसं नाव आलं की एकेक सुटत जातात.

धनश्रीनं शेवटून सुरुवात केली.

"सर्वप्रथम मी आभार मानते, ज्यांनी मंडपाला खड्डे खणले, त्यांचे."

पुढच्या रांगेतले मान्यवर पुन्हा टेकून बसले. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं आणि हसून मान डोलावली. खड्डे खणणाऱ्यांच्या आधी मंत्री उठून गेला, अशी बातमी त्यांना परवडणारी नव्हती.

३:२४. खड्डे खणणारे पाच. सतरंज्या देणारी देवस्थानची समिती. त्यातली एक सतरंजी फाटकी असूनही तिनं दिलेली सेवा.

३:३५. पाण्याच्या जारवाल्याचे आभार. जार भरतो त्या विहिरीचे. विहीर खणणाऱ्या, आता हयात नसलेल्या माणसाचे. दोन मिनिटं स्तब्धता.

३:३८. ही दोन मिनिटं तिला इतकी स्वस्त वाटली की तिनं आणखी एक दिवंगत शोधून पाहिला, पण सापडला नाही.

३:४५. भगवानरावांची चिठ्ठी: आवरा.

३:४६. चिठ्ठी पाठवल्याबद्दल सरांचे आभार. माझ्यासारख्या मेंढपाळाच्या मुलीला त्यांनी पदोपदी अशा चिठ्ठ्यांनी दिशा दिली. टाळ्या. सरांना उठून नमस्कार करावा लागला.

३:५८. ९९.८७ टक्के. कडुनिंबाचे आभार, सावलीबद्दल. बंकटचे आभार, कडुनिंबाबद्दल. बंकट खिडकीतून: "बास की ताई, लाज आननार का!"

४:०५. पाहुणे उठले.

स्वतःच्या नावाची वाट न पाहता उठले. त्यांनी दोन्ही हात जोडून सगळ्या मंडपाला नमस्कार केला, पाठीमागच्या कनातीतून उतरले, आणि गाड्यांची रांग फुफाटा उडवत गेटाबाहेर पडली.

सदतीस मिनिटं उरली होती. शेवटच्या रांगेत तानाजी उभा राहिला. त्यानं फोन कानाला लावला.

"आणि आता," धनश्री म्हणाली. काय म्हणायचं ते तिला माहीत नव्हतं. "आता मी ज्यांचे आभार मानणार आहे, त्यांचं नाव आजवर कुठल्याच व्यासपीठावरून घेतलं गेलेलं नाही. ते इथेच आहेत. वायरमन तानाजीभाऊ."

सगळ्या माना मागे वळल्या. तानाजीनं फोन कानावरून खाली घेतला. पलीकडून कुणीतरी "हालो, हालो" करत असावं.

"आपल्या सबस्टेशनपासून या प्रशालेपर्यंत किती खांब आहेत, आपल्याला माहीत आहे का?" तिलाही माहीत नव्हतं. "शंभर!"

"एकशे बारा," तानाजी म्हणाला.

"एकशे बारा! या एकशे बारा खांबांवर हा माणूस चढला आहे. म्हणून हे यंत्र आहे. मी प्रत्येक खांबाचे आभार मानणार आहे. खांब क्रमांक एक!"

"तो सबस्टेशनातच हाय. त्याला कशाला..." पण तो पुढे आला होता. दोन रांगा.

"खांब क्रमांक दोन, रस्त्याकडेचा."

"तीन बी रस्त्याकडंचाच. चार वड्यात हाय. पावसाळ्यात तिथं कमरंइतकं पानी असतंय."

"खांब क्रमांक चार, कमरेइतक्या पाण्यातला! त्याचे विशेष आभार."

४:१४. खांब क्रमांक तेवीस. तानाजी मंडपाच्या मध्यावर.

"थांबा मॅडम, लगीच चोवीस नका घेऊ! तेवीस बाभळीतला. त्याच्यावर मोहोळ हाय. मागल्या साली माझं तोंड ह्ये एवढं सुजलं होतं."

"मोहोळाचेही आभार."

"त्याचं कशाला?" मंडपात हशा पिकला. उठलेली चारदोन माणसं परत बसली. ज्यांच्या शेतात खांब होते ती आता आपला खांब यायची वाट पाहत होती.

"आमचा एकेचाळीस!" कुणीतरी ओरडलं.

"एकेचाळीस येतोय, काका. रांगेनं घेऊ."

४:२६. खांब क्रमांक एकसष्ट. भगवानराव खुर्चीत मान मागे टाकून बसले होते. त्यांचे स्वतःचे आभार अजून बाकी होते, आणि चिठ्ठीचे आभार त्यात धरायचे की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं. तानाजीच्या खिशात फोन थरथरत होता. त्यानं काढून पाहिला आणि उलटा करून परत ठेवला.

४:४२. खांब क्रमांक सत्त्याऐंशी.

यंत्राच्या खोलीच्या खिडकीत बंकटनं रुमाल फिरवला. दोनदा, मग तिसऱ्यांदा जोरात. त्याच्या मागे माळ अजून भगवी-निळी होत होती.

धनश्रीचा घसा बसला होता. तेवीस दिवस संपले होते. "जय हिंद, जय महाराष्ट्र," ती म्हणाली आणि माईक सोडून पायऱ्यांकडे वळली.

"मॅडम!"

तानाजी आता अगदी पुढे उभा होता, जिथे पाहुणे बसले होते त्या सोफ्याजवळ.

"अन् राहिलेले पंचवीस?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. आता गरज नव्हती. गणित झालं होतं, लाईन गेली तरी तिचं काहीच जाणार नव्हतं.

"एक्क्यान्नववरनं पडलोय मी," तो म्हणाला. "तेवढा तरी घ्या."

ती परत माईकपाशी गेली. अठ्ठ्याऐंशी घेतला, एकोणनव्वद, नव्वद. एक्क्याण्णववर जरा थांबली. मग एकशे बारापर्यंत सगळे घेतले, एकही न गाळता. नाथाआबा बोटांवर मोजत होते, आणि शेवटी त्यांनी मान हलवली: बरोबर.

"साहेब गेल्यावर फोन का नाही लावला?" खाली आल्यावर तिनं विचारलं.

"लावला होता की. तेवढ्यात नाव घेतलं तुमी." तानाजीनं हेल्मेट डोक्यावर चढवलं. "म्हनलं, पुढं आजून काय म्हनत्यात ते ऐकून जाऊ. पोरं शिव्या देत असतील तिकडं." त्यानं फोन लावला. "हां. घ्या बंद. कार्यक्रम? आता संपला. लई मोठा झाला. माझा बी सत्कार होता."

माळ विझली.

कलम आठ (नंतरचं)

गुरुवारच्या पेपरात बातमी आली: उद्घाटनानंतर अवघ्या दोन तासांत पहिले संशोधन पूर्ण! भगवानरावांनी कात्रण चौकटीत बसवून घेतलं.

शुक्रवारी विद्यापीठाचं पत्र आलं. सध्याचे यंत्र दोन तासांत काम पूर्ण करीत असल्याने दुसऱ्या टप्प्याची आवश्यकता दिसून येत नाही. डिस्क, बॅटऱ्या आणि नळी रद्द. यंत्र उघडायला गुरुवारी यायची ती माणसं आलीच नव्हती, तीही रद्द. म्हणजे शनिवारची तारीख सोडली, तर धनश्रीला आता घाईच नव्हती.

"प्रबंधात तुम्ही गणनेचा काळ पाचशे त्रेपन्न तास लिहिलाय," भगवानराव म्हणाले. पेन हातात होतं, सही अजून झाली नव्हती. "पेपरात दोन तास आहे. विद्यापीठाच्या पत्रातही दोन तास आहे."

"सर, पाचशे त्रेपन्नच लागले. परीक्षक गणित तपासतील."

"आणि उद्घाटनाआधी यंत्र कुणी वापरलं, हे कुलसचिव तपासतील."

बाहेर बंकट बादली उचलत होता.

धनश्रीनं प्रबंध ओढून घेतला, ते पान बदललं, छापलं आणि पुढे ठेवलं. भगवानरावांनी मोठ्यानं वाचलं:

"गणनेचा काळ: यंत्राच्या घड्याळानुसार ५५३ तास. उद्घाटनानुसार २ तास."

"दोन्ही खरं आहे," ती म्हणाली.

"दोन्ही आहे, एवढं खरं," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.

मग पानं चाळता चाळता ते थांबले. "ऋणनिर्देशाचं पान कोरं का? ते सक्तीचं आहे. आणि आभार मानण्यात तर तुमचा हात कुणी धरणार नाही."

धनश्रीनं पेन घेतलं. मार्गदर्शक, विद्यापीठ, आईवडील असा ठरलेला क्रम असतो. तिनं वरून जागा सोडली नाही. पहिल्याच ओळीत तिनं एक आकडा लिहिला, ९१, आणि त्यापुढे तानाजीचं नाव.